खोलीची किल्ली देताना

किल्ली उजवीकडे दोनदा फिरवायची,
मग दार खांद्यानं ढकलायचं. खारी हवा आहे, लाकूड फुगतं.
बसा. पाणी प्या. तो नकाशा आधी घडी करून ठेवा.
कादिसमध्ये नाकासमोर चालत राहिलं
की कुठूनही समुद्रच लागतो.
हरवलात तर फार तर पाय भिजतील.

पहिली गोष्ट वाऱ्याची.
पूर्वेचा वारा सुटला, आम्ही त्याला लेवांते म्हणतो,
की किनाऱ्याकडे फिरकायचं नाही.
वाळू दातांत कचकचते,
धुणं दोरीवरून शेजारच्या गल्लीत राहायला जातं,
आणि शहाणीसुरती माणसं
वारं प्यालेल्या वासरासारखी वागू लागतात.
माझं लग्न अशाच एका दिवशी ठरलं.
असो.

बाजारात अकराच्या आत जा.
मागच्या रांगेत मिलाग्रोसचा गाळा.
तिला बांगड्याचा भाव विचारू नका,
कुठल्या होडीचा ते विचारा.
मग ती वरचे सगळे बाजूला सारून खालून काढून देईल.
तिथंच कोपऱ्यावर हरभऱ्याच्या पिठात जवळा घालून
धिरडी तळतात, कडेला जाळी पडलेली, कागदासारखी पातळ.
उभ्यानं खा. बसलात की टेबलाचे पैसे लावतात.

कॅथीड्रलच्या आत मान वर केलीत
तर छताखाली जाळी ताणलेली दिसेल.
नक्षी नाही ती.
दगडात मीठ आहे, ते त्याला आतून खातं,
अधूनमधून खपली पडते.
देवाच्या घरातसुद्धा इथं डोकं सांभाळून उभं राहावं लागतं.

गल्ल्यांच्या तोंडाशी जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या आहेत,
गाड्यांच्या चाकांनी भिंतींचे कोपरे झिजू नयेत म्हणून.
तोफेचा याहून बरा उपयोग मी तरी पाहिला नाही.
आमच्या गल्लीतलीवर मी पिशवी टेकवून दम खाते.

दोन ते पाच घरात.
ऊन बघायला आलात ना? मग खिडकीच्या फटीतून बघा,
आम्ही तसंच बघतो.
सगळे म्हणतात, काय भाग्य तुमचं, वर्षभर ऊन!
फुकट मिळतं खरं.
म्हणूनच त्यावर कुणाचं पोट भरत नाही.

संध्याकाळी ला कालेताला.
तिथं वाळूत टेबलं मांडून बायका बिंगो खेळतात.
पिवळ्या टोपीतली माझी नणंद, एउलालिया.
बोलावलं तर बसा.
जिंकू नका.

ही खोली गास्पारची.
खालचा खण उघडणार नाही, उघडायचा प्रयत्नही करू नका.
खिडकीतून त्या क्रेन दिसतात ना, गोदीतल्या,
डावीकडून दुसरीवर त्याचे वडील एकवीस वर्षं चढले.
गास्पारला चढायला काही उरलं नव्हतं.
आता ब्रेमेनला असतो. तिथंही गोदीतच.
बर्फाचे फोटो पाठवतो, आणि प्रत्येकात
स्वतः अर्धा कापलेला.

तिकडं पाहुण्यांना काय दाखवतोस, मी एकदा विचारलं.
म्हणाला, आई, पाहुणे येत नाहीत.

फोन आला की आधी वाऱ्याचंच विचारतो.
सुटला असला तर मी फोन खिडकीबाहेर धरते,
बराच वेळ.
तो काही बोलत नाही, मीही नाही.
शेजारची म्हणते, हात दुखेल, बाई.
दुखतो.

तुम्ही कधी निघणार? रविवारी?
किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवा.
आणि सकाळी त्या दुसऱ्या क्रेनची मान
थोडी जरी हललेली दिसली
तर मला उठवायला लाजू नका.

हां, गरम पाण्याचा नळ
जरा वेळ सोडून ठेवावा लागतो.